परीक्षेसाठी बेशुद्ध

शिरूरच्या एका खासगी दवाखान्यात मी नर्स आहे. तिथं एकदा परीक्षक येणार होते. अपघाताचा पेशंट आला की आमची टीम मिळून काम करते का, एकमेकांशी नीट बोलते का, हे त्यांना तपासायचं होतं. मुहूर्त चांगला निघाला होता. आमचे डॉक्टर आणि इन्चार्ज सिस्टर यांचं ड्युटीवरून वाजलं होतं आणि बोलणं बंद होतं. दोघं शेजारी उभे राहून वॉर्डातल्या मामांमार्फत बोलायचे.

"मामा, सिस्टरांना सांगा, सलाईन संपत आलंय."

"मामा, डॉक्टरांना सांगा, मला दिसतंय."

खोटा पेशंट म्हणून माझी निवड झाली. कपाळावर कुंकू कालवून रक्त काढलं आणि मला पोर्चमध्ये स्ट्रेचरवर झोपवलं. परीक्षकांची गाडी नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती. "उठू नका, रक्त पुसेल," असं सिस्टरांनी बजावलं. पडल्या पडल्या मला झोप लागली.

त्या दिवशी राहूच्या, म्हणजे माझ्या सासरच्या गावच्या, एक काकू गुडघे दाखवायला आल्या होत्या. त्यांनी मला तशी पाहिली. मला हाक मारायच्या ऐवजी त्यांनी माझ्या घरी फोन केला.

परीक्षक आले, मला आत नेलं. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, कृपया ऑक्सिजन लावा." सिस्टर म्हणाल्या, "ऑक्सिजन लावला आहे, सर." एवढं शुद्ध मराठी त्या खोलीत कधी कुणी बोललं नव्हतं. मामा बिनकामाचे उभे होते. परीक्षक खूश दिसत होते.

तेवढ्यात दार ढकलून माझे सासरे, आबा, आत आले. "काय झालं माझ्या सुनंला?" त्यांचा आवाज फाटला होता.

परीक्षक डॉक्टरांना हळूच म्हणाले, "नातेवाईक छान उभा केलाय. चालू द्या."

मी डोळे उघडले. "आबा, मला काय बी झालं न्हाई."

"पेशंटनं डोळे मिटावेत," परीक्षक म्हणाले.

आबा माझ्याकडं बघतच राहिले आणि मटकन खाली बसले. त्यांना दरदरून घाम फुटला होता.

"बीपी बघा, लवकर," डॉक्टर सिस्टरांवर खेकसले.

"बघतेय ना. तुम्ही ईसीजी जोडा."

कृपया कुठच्या कुठं गेलं. मी स्ट्रेचरवरून उतरले आणि माझ्या जागी आबांना झोपवलं. बीपी बरंच वाढलं होतं, पण ईसीजी ठीक निघाला. गोळी दिल्यावर हळूहळू उतार पडला. अचानक दुसरा पेशंट आणायची कल्पना परीक्षकांना फार आवडली. त्यांनी उत्तम असा शेरा दिला, चहा घेतला आणि ते गेले.

आबांना हुशारी आल्यावर त्यांनी विचारलं, "कसली परीक्षा हुती गं?"

"आम्ही एकमेकांशी नीट बोलतो का, त्याची."

"मंग? पास झाला?"

"व्हय, आबा."

"मंग घरी एक फोन कराया काय झालं हुतं?"

बाहेर भावकी जीप भरून आली होती. मी जिवंत आहे हे सांगायला तशीच, कपाळ न पुसता, बाहेर गेले. कामधंदा टाकून एवढ्या लांबून आलेली माणसं; एकदोघांचे चेहरे जरा पडलेच.