मी दिलेलं ‘बायें घूम’

चूक माझी होती आणि बोलणी खाल्ली सातवीतल्या एका मुलीनं. उंद्रीच्या शाळेत कवायत मीच शिकवतो, त्यामुळे हे लिहितानाही संकोच वाटतो.

पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी होती. ती मुलगी सगळ्यात पुढं, मागं तिघा-तिघांच्या ओळीत अख्खी शाळा. ओळी बिघडू नयेत म्हणून मी मुलांकडे तोंड करून उलटा चालत होतो. झेंडावंदन ग्रामपंचायतीसमोर होतं, म्हणून चौकातून तिकडे वळायचं होतं. तो रस्ता माझ्या डाव्या हाताला होता, म्हणून मी ठणकावून म्हटलं, "बायें घूम!" समोरून येणाऱ्या मुलांचा तो उजवा हात, हे डोक्यातच आलं नाही.

मुलगी हुकमाची पक्की. ती स्वतःच्या डावीकडे वळली आणि सगळी शाळा गोठ्यांच्या बोळात शिरली. शेळ्या दोऱ्या ताणून ओरडायला लागल्या, तशा मुलांच्या घोषणाही वाढल्या. बोळ एका अंगणात संपला. तिथं भांडी घासत बसलेली म्हातारी राखेच्या हातांनीच उठली.

"काऊन हो मास्तर, यंदा झेंडावंदन आमच्या घरी हाय का?"

पोरं हसून हसून वाकली. म्हातारी मात्र खूश होती. "दरसाली आम्हीच येतो तिकडं पाहाले. बरं झालं, आज तुम्ही आले."

माझ्या डोळ्यांपुढं तिकडे झेंड्यापाशी खोळंबलेले पाहुणे येत होते. मी मुलीवर खेकसलो, "डावं-उजवं समजत नाही का तुले?"

"सर, तुम्हीच तं बायें म्हनलं."

"वरून तोंड चालवते." मी तिला सगळ्यात मागं उभं केलं. झेंड्याला सलामीचा हुकूम तीच देणार होती, कितीतरी दिवस घसा ताणून सराव केला होता तिनं. तो दुसऱ्याच मुलानं दिला. नंतर सगळे बुंदी खात असताना तिनं आपला द्रोण मैत्रिणीला देऊन टाकला.

संध्याकाळी एका पालकानं फेरीचा व्हिडिओ पाठवला. माझ्या खांद्यावरून पाहत बायको म्हणाली, "अहो, हे तं तुमचं डावं झालं. पोरीचं डावं तिकडंच होतं, जिकडं ते गेली."

त्यानंतर शाळा भरली त्या दिवशी सकाळी परिपाठाला मी तिला पुढं बोलावलं. ती घाबरतच आली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ही बरोबर वळली होती. हुकूम मी चुकीचा दिला आणि रागावलो हिच्यावर. हिची सलामी मी हिरावून घेतली. बेटा, माझं चुकलं. मले माफ कर."