रिकामी जागा आणि नसलेली माहिती

गुरुग्राममधल्या एका रुग्णालयाच्या संगणक विभागात मी नोकरीला होते. रुग्णांच्या सगळ्या नोंदी एका बड्या कंपनीच्या डेटाबेसमध्ये होत्या, आणि त्याचं लायसन्स दरवर्षी नव्याने घ्यावं लागे. त्याऐवजी ओपन सोर्स डेटाबेस घ्यावा, असं मी मीटिंगमध्ये सुचवलं. लायसन्सची भानगड नाही, शिवाय आतला कोड कुणालाही बघता येतो. बहुतेकांना ते पटलं.

विरोध केला तो फक्त आमच्या सरांनी. जुना डेटाबेस वीस वर्षं त्यांच्याकडेच होता. सर मराठीच, पण दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेले, त्यामुळे बोलण्यात हिंदी मिसळायचं.

"अडलं तर फोन कुणाला करणार?" त्यांनी विचारलं.

"इंटरनेटवर विचारायचं सर. जगभरातले लोक उत्तरं देतात."

"म्हणजे बांधील कुणीच नाही," ते म्हणाले. त्यांना स्वतःच्या खुर्चीची काळजी असणार, असं मी धरून चालले.

तीन आठवडे दोन्ही डेटाबेस शेजारी शेजारी चालवून पाहिले. नवा कुठेच कमी पडत नव्हता. मग एका सकाळी सर दोन छापील याद्या घेऊन माझ्या टेबलाशी आले. ज्यांना औषधाच्या ॲलर्जीबद्दल विचारायचं राहिलंय, अशा रुग्णांची यादी ऑपरेशनआधी नर्सकडे जाते. जुन्या यादीत एकोणीस रुग्ण होते, नव्या यादीत चार.

"या पंधरा जणांचा रकाना बघा. खाली आहे."

मी स्क्रीनवरची यादी खाली सरकवू लागले.

"अहो, खाली म्हणजे रिकामा, यार!"

आम्ही दोघंही हसलो. नंतर मात्र माझं हसू मावळलं. नोंदणीच्या खिडकीवर तो रकाना न भरता सोडला, तर जुना डेटाबेस त्याचा अर्थ 'माहिती नाही' असा घ्यायचा. नवा मात्र 'रिकामा मजकूर लिहिला' असं समजायचा. आमची यादी 'माहिती नाही' असलेलेच रुग्ण शोधत होती, म्हणून ते पंधरा जण गळले. चाचणीत हे लक्षात आलं नसतं, तर पुढे अशा रुग्णांना कुणी काही विचारलं नसतं. ती तपासणी माझ्याकडे होती आणि मी ती केलेली नव्हती.

दुपारच्या मीटिंगमध्ये सर सगळं थांबवायला सांगतील, असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "नवा डेटाबेस चूक नाही. नियमाने तोच बरोबर आहे. जुन्याच्या सवयी आपल्याला लागल्यात. एक महिना द्या, सगळ्या याद्या तपासतो."

त्या महिन्यात आम्ही दोघांनी मिळून अशा आणखी सहा याद्या दुरुस्त केल्या. एकदा अडल्यावर सरांनी स्वतःच इंटरनेटवरच्या मंचावर प्रश्न टाकला. जेवणाच्या सुट्टीआधी कुण्या अनोळखी माणसाचं सविस्तर उत्तर आलं होतं. सरांनी ते दोनदा वाचलं आणि आभाराचे चार शब्द लिहिताना पाच मिनिटं घेतली.

जुना डेटाबेस बंद केला त्या दिवशी ते रजेवर होते.