अंदमानचं चूलबंद आवतन

देवानं जग तयार करण्याआधी माझ्या साडभाऊला एकदा विचारलं असतं, तर पुढचा एवढा गोंधळ झालाच नसता. हे माझं मत नाही, त्याचं आहे; पण पंचेचाळीस वर्षं ऐकून ऐकून मलाही ते थोडं थोडं पटायला लागलं आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. किन्हीराजाकडे त्याची हळदीची शेती. आमची दोघांची लग्नं एकाच मांडवात, एकाच दिवशी लागली. मंगलाष्टकं चालू असताना हा पठ्ठ्या मुंडावळ्यांसकट माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "गड्या, वरण पुरत नाही. मी पाहून आलो." नवरदेव कधी उठला आणि कधी पाहून आला, हे आजवर कोणाला कळलेलं नाही. पण वरण खरंच पुरलं नाही, एवढं मला मान्य करावं लागतं. आणि मी सहसा कोणाचं काही मान्य करत नाही.

तेव्हापासून दुसऱ्याच्या कार्याची आखणी करणं हा त्याचा धंदा झाला. मौतीला गेला तरी लाकडं कोरडी आहेत की ओली, हे आधी बोट लावून पाहणार. कारंज्याला जायचं तर ऊन कोणत्या अंगानं लागेल याचा हिशेब करून एस.टी.त बसणार, आणि बाकीच्यांनाही बसवणार. एकदा तर त्यानं अख्खी गाडी उठवून पुन्हा बसवली. कंडक्टर वैतागून म्हणाला, "काका, आता तिकिटं बी तुमीच फाडा." यानं लगेच हात पुढे केला, "आन."

असा माणूस आमच्या कंपनीचा अध्यक्ष झाला नसता तरच नवल. कंपनी म्हणजे आम्ही हळदवाल्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली. संचालक दहा, त्यात एक तो आणि एक मी. कंपनी बरी चालली होती, फक्त संचालक एकमेकांशी बोलत नव्हते. त्यातल्या दोघांचं तर शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तीन वर्षं बोलणं बंद होतं. अशात वाशीमला एका प्रशिक्षणात कोण्या टायवाल्या साहेबानं सांगितलं, की मोठ्या कंपन्या आपल्या माणसांना समुद्रातल्या बेटावर नेऊन ठेवतात. तिथं भांडणं मिटतात आणि नवे विचार सुचतात. साडभाऊच्या डोक्यात बेट शिरलं ते शिरलंच. नेमकी आमची हळद घेणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्यानं खूश होऊन संचालकांसाठी अंदमानची दहा तिकिटं देऊ केली. मी म्हणालो, "बेटच काहून? लोणारला जाऊ." तर म्हणाला, "गड्या, लोणारातून रुसलेला माणूस गाडी धरून घरी येते. बेटावरून कुठी जाईन? चहूकडून पाणी!"

खरं कारण मला ठाऊक होतं. सत्तरीला आला, तरी त्यानं समुद्र पाहिला नव्हता. साऱ्या गावाच्या सहली यानं आखल्या, आणि ऐनवेळी कोणाची तरी म्हैस व्याली म्हणून मागं राहिला तोही हाच. या वेळी मात्र त्यानं मला बजावलं होतं, "आता कोणाची म्हैस व्यावो का हत्तीण. मी जाऊन राह्यलो."

मग आखणी सुरू झाली. समुद्राचं पाणी कोणत्या दिवशी किती वाजता चढतं आणि उतरतं, हे त्यानं कुठून तरी मिळवून वहीत उतरवलं. लोडशेडिंगचं वेळापत्रक पाठ करावं तसं तो ते पाठ करायचा. कोण घोरतं, कोणाला बीपीची गोळी, कोणाला ज्वारीच्या भाकरीशिवाय पोट साफ होत नाही, याची चौकशी घरोघरी झाली. धुऱ्यावरून भांडलेले दोघं त्यानं मुद्दाम एका खोलीत टाकले. "घोरण्यावरून तरी बोलतीन," तो म्हणाला. शिबिराचा कार्यक्रमही लिहून काढला. पहिला दिवस, समुद्र पाहणे. दुसरा दिवस, कंपनीचे भविष्य. तिसरा दिवस, उरलेला समुद्र.

सगळं नीट चाललं होतं. पण फोनवर बोलावणं म्हणजे अपमान, असं त्याचं ठाम मत. म्हणून तो अक्षता घेऊन बाकीच्या नऊही घरी स्वतः गेला. उंबऱ्यावर उभं राहिल्यावर चाळीस-पन्नास वर्षांची सवय तोंडात आली, आणि शंभर लग्नांत म्हणाला असेल तेच म्हणून बसला, "चूलबंद यायचं बरं का!" चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही, लहानथोर साऱ्यांनी यायचं. नऊही घरच्या बायांनी हे आपल्या कानांनी ऐकलं. आठ दिवसांत, त्याचं घर धरून, दहा घरी चिवडे झाले, दशम्यांची कणीक दळून आली, आणि एका आजीबाईनं समुद्राची ओटी भरायला खणही काढून ठेवला. मोजलं तर माणसं त्रेसष्ट भरली. तिकिटं दहा.

बैठक बसली. बाकीचे आठ जण एका सुरात म्हणाले, "बाया काय करतीन तिथी? आपण आपलं जाऊन येऊ." साडभाऊ खाली मान घालून चटईची काडी मोडत बसला होता. तो एकदा "हो" म्हणाला असता, तर काम झालं असतं. पण माझी बायको सकाळीच मला म्हणाली होती, "आवतन माह्या बी चुलीले होतं. तुमी खुशाल जा, पण चूल बंदच राहीन." शिवाय तिनं ही बातमी साऱ्या गावाला सांगून ठेवली होती, आणि गावापुढं खाली पाहणं मला जमत नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आवतन वापस घेता येत नाही. जातीन तं सारे, नाही तं कोणीच नाही."

तो भांडेल असं मला वाटलं होतं. माझी तर तयारीच होती. पण त्यानं वर पाहिलं, "बरोबर हाय तुयं," एवढंच म्हणाला, आणि तिथंच व्यापाऱ्याला फोन लावून दहाही तिकिटं नको म्हणून सांगितलं.

निघायच्या ठरल्या तारखेला दहा घरच्या चुली पेटल्या नाहीत. साडभाऊच्या हळद शिजवायच्या आवारात त्रेसष्ट माणसांची पंगत बसली. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. वरण पुरून उरलं. धुऱ्यावाले दोघं करपलेला रोडगा कोणाच्या आळसानं करपला यावरून असे कडकडून भांडले, की तीन वर्षांचं बोलणं एका दुपारी वसूल झालं. अध्यक्ष कंबरेला टॉवेल बांधून वाढत होते. त्या दिवशी त्यांनी कोणालाही उठवून दुसरीकडे बसवलं नाही.

मागच्या हिवाळ्यात जावयाची बदली रत्नागिरीला झाली, म्हणून आम्ही नवरा-बायको तिकडं गेलो. आणि काही न आखता एका संध्याकाळी समुद्र समोर आला. बायको म्हणाली, "भाऊजी पाह्यजे होते." मी तिला गप बस म्हणालो.

परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी साडभाऊ घरी हजर. गुडघे गेलेत त्याचे आता. ओट्याच्या दोन पायऱ्या चढायला भिंत धरावी लागते. बसल्या बसल्या म्हणाला, "कसा होता?"

"काही नाही गा. नुसतं पाणी. थे बी खारं. आपलं धरण बरं."

"मले वाटलंच होतं," तो म्हणाला. मग एवढं पाणी एकाच बाजूला ठेवणं कसं चूक आहे, हे त्यानं मला समजावून सांगितलं. चहा आला. अर्धा कप झाल्यावर बशीकडं पाहत त्यानं हळूच विचारलं, "आवाज येते का गा त्याचा?"

गाडीत, घरात, अंगणात, सारा वेळ माझ्या कानांत तोच चालू होता. त्या घडीलाही होता.

"नाही," मी म्हणालो. "काहीच येत नाही."

पंचेचाळीस वर्षांत, त्या बैठकीतलं एक वगळता, त्यानं माझं एकही म्हणणं वाद घातल्याशिवाय सोडलेलं नाही. हे त्यानं सोडलं.