दर्यातून थेट आभाळात

पाणबुड्या नथू भोईर पाण्यातून इतका सावकाश वर यायचा, की बार्जवरची माणसं वैतागायची. तांब्याचा टोप आणि शिशाचे बूट चढवून तो तळाशी जाई आणि परतताना मध्येच दोर धरून थांबून राही. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात असे. मुकादम कितीही ओरडला तरी मी ओढत नसे. टोप निघाला की नथू हसायचा. "भाऊ, दर्यान जावाला घाई चालंल, येवाला नाय."

तो कळव्याचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. मी डोंबिवलीचा. बुडालेली जहाजं वर काढणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघं पन्नास सालानंतर काही वर्षं एकत्र होतो.

एकदा कोचीच्या बंदराबाहेर काम चाललं होतं. सकाळची बुडी मारून नथू भाकरी खायला बसला, तेवढ्यात घरून त्याच्या भावाची तार आली. नथूची बायको चंद्रा पहिलटकरीण. ती अडली होती. नथूचा घास हातातच राहिला. "गाडीनं गेलो तं तिचा तोंड तरी दिसंल का रं?"

कंपनीच्या साहेबांनी धावपळ करून दुपारच्या मुंबईच्या विमानात आम्हा दोघांना जागा मिळवून दिली. नथूनं त्यांचे पाय धरले.

विमान वर चढलं आणि तो खांदा खाजवू लागला. मग त्यानं कोपर आवळून धरलं. "हाडान कोनी खिलं ठोकतंय, भाऊ." बायकोच्या काळजीनं होत असेल, असं मला वाटलं. थोड्या वेळानं त्यानं उठायला पाहिलं आणि तो तसाच खाली बसला.

"भाऊ, माझं पाय कुठं गेलं?"

मी खाली पाहिलं. पाय जागेवरच होते. मी पोटरीला जोरात चिमटा काढला. नथू माझ्याच तोंडाकडे बघत होता; त्याला कळलंच नाही.

मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "हा पाण्यात कधी उतरला होता?"

"आज सकाळीच."

"आणि विमानात बसवलंत?" खोल पाण्यात श्वासातली हवा अंगात मुरते, ती बाहेर पडायला वेळ लागतो, त्याआधी उंचावर नेलं तर अंगातच तिचे बुडबुडे होतात, असं त्यांनी सांगितलं. किमान एक दिवस तरी त्याला जमिनीवर ठेवायला हवं होतं. नथू नेहमीसारखा नीटच वर आला होता; पण त्याचं वर येणं अजून संपलंच नव्हतं. आमच्यापैकी कुणालाही हे ठाऊक नव्हतं.

बुडबुडे पुन्हा विरावेत म्हणून गोदीतल्या एका लोखंडी खोलीत त्याला दाबाच्या हवेत कोंडून ठेवलं. तो आत असतानाच कळव्याहून निरोप आला: चंद्रा सुखरूप, मुलगी झाली.

पायांत थोडी थोडी जाग आली, पण दर्या कायमचा सुटला. वर्षभरानं मी कळव्याला गेलो, तेव्हा अंगणात बाप-लेक एकाच भिंतीला धरून चालायला शिकत होते. पोरीनं हात सोडला आणि चार पावलं टाकली. नथू भिंतीशीच थांबला.

"बघ भाऊ," तो म्हणाला, "माझ्या फुडं गेली."