डबीला बांधलेला रुमाल

“कागदावर माझी छाती एकदम ठणठणीत हाय, खोकतो तो नुसता मी,” असं नवसू एकदा म्हणाला, आणि मग बराच वेळ खोकत राहिला.

धसईजवळच्या पाड्यावरचा हा नवसू मुरबाडला दगड दळायच्या कारखान्यात एकोणीस वर्षं होता. गारगोटीचं पीठ करायचं आणि गोण्यांत भरायचं. संध्याकाळी घरी आला की बायको, गोजर, त्याला अंगणातच अडवी. “आला भुताचा भाऊ,” म्हणे, आणि केरसुणीने झाडून मग आत घेई.

वर्षातून एकदा धूळ मोजायला बाहेरची माणसं येत. एका कामगाराच्या कमरेला छोटा पंप बांधत आणि पंपाच्या नळीची डबी त्याच्या कॉलरला अडकवत. माणूस दिवसभर जी हवा ओढतो तीच डबीने ओढायची. आतल्या कागदावर किती धूळ बसली, ते नंतर वजनावरून कळणार. हा मान अकरा वर्षं नवसूचा होता. पहिल्याच वर्षी ते लावणारे साहेब म्हणाले होते, “जपा हं, महागाची वस्तू आहे.”

नवसूच्या घरी शेजारणीचं पातेलं मागून आणलं तरी घासूनपुसून परत जाई. मग ही तर मशीन. साहेब लोक पंप लावून दिवसभरासाठी ऑफिसात जाऊन बसले की तो नाकावरचा रुमाल सोडी, दुहेरी करी आणि डबीला बांधी. ते यायच्या आत काढून झटकी. संध्याकाळी डबी लखलखीत. “नवसूचा नमुना कधी फेल जात नाय,” असं सुपरवायझर चारचौघांत म्हणे, आणि नवसू त्या दिवशी घरी जिलेबी नेई.

शेवटच्या वर्षी रुमाल झटकायला वेळच मिळाला नाही. तसाच घडी करून पिशवीत घातला. त्याच आठवड्यात त्याने अंथरूण धरलं आणि पिशवी पेटीत पडून राहिली.

आधी क्षयाची औषधं झाली. मग एका डॉक्टरांनी लिहून दिलं की छातीत दगडाची धूळ बसली आहे. त्याच पाळीतला देवजी तोवर गेला होता. देवजीची बायको पारू आणि नवसू, दोघांनी भरपाईचा दावा एकत्रच लावला. कंपनीने धुळीचे आकडे दाखवावेत म्हणून नवसूची मुलगी समीक्षा आठ महिने अर्ज करत होती.

आकडे आले. ओटीवर बसून समीक्षाने वाचले. अकराही वर्षं धूळ मर्यादेच्या आत.

“अगो बाय!” पारू म्हणाली. “मग आमचे हे मेले कशानं? चांगल्या हवेनं?”

समीक्षाने पुढची ओळ वाचली. नमुना ज्याच्या अंगावर घेतला तो कामगार: नवसू. अकरा वेळा नवसू.

नवसूने भिंतीला पाठ टेकली आणि रुमालाची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर स्वतःच हसला. “लोक पायावर धोंडा पाडून घेतात. मी तो आधी दळला, मग नाकात घातला.”



“भाऊजी,” पारू हळू म्हणाली, “तुमच्या रुमालानं आमच्या यांचा पण कागद पुसला.”

“हे तिथं बोलू नका, बाबा,” समीक्षा म्हणाली. “मशीन बिघडलेली म्हणू. नायतर म्हणतील, तुम्हीच खोटा नमुना दिला.”

“मशीन कशाला बिघडवतीस गो? ती एकटीच तर शहाणी होती तिथं.”

सुनावणीला कंपनीच्या वकिलांनी तसलाच पंप आणून टेबलावर ठेवला. “साहेब, हे यंत्र खोटं बोलत नाही.”

“नायच बोलत,” नवसू म्हणाला. त्याने पेटीतून आणलेल्या त्याच पिशवीतून तो रुमाल काढला, घडी न मोडता डबीवर चढवला आणि मागे गाठ मारली. बोटांना सवय होती. “अकरा वर्षं आमी ही अशी जपली. माझं नाक उघडं, हिचं झाकलेलं.”

दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. “हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

कंपनीचं नाव घेतलं असतं तर सोपं झालं असतं. समीक्षा त्याच्याकडेच बघत होती, पारूही.

“कुणी नाय, साहेब. माझीच अक्कल.”

वकिलांचा चेहरा खुलला. “म्हणजे नमुन्यात यांनीच ढवळाढवळ केली! लिहून घ्या, साहेब.” आणि त्यांनी तो रुमाल डबीवरून खसकन ओढला. घडी उलगडली. पांढरं पीठ टेबलावर, फायलींवर, वकिलांच्या काळ्या कोटावर पसरलं. वकिलांनी घाईघाईने खिशातून स्वतःचा रुमाल काढला आणि नाकावर धरला.

अधिकारी त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी टेबलावरच्या पिठावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि कारकुनाला म्हणाले, “हे सगळं गोळा करा. तपासायला पाठवायचंय.”

नवसूला खोकला आला. त्याने खिसा चाचपला, रुमाल नव्हता. तोंडावर पंजा धरून तो उठला आणि बाहेर पडला.