फुकट बसायच्या पायऱ्या

नवा आराखडा समोर ठेवला की सर आधी एकच विचारायचे, "आणि ज्याला तिकीट काढायचं नाही, तो कुठे बसणार?"

आमचं ऑफिस सिंगापूरच्या पाया लेबार भागात. समुद्रकाठी नवं म्युझियम होणार होतं, त्याचं डिझाइन आमच्याकडे होतं. सर पुण्याचे, साठीला आलेले, तिरसट. हॉकर सेंटरला, म्हणजे स्वस्त खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, जेवायला नेलं, तरी ताट राहायचं बाजूला. लोक कुठे टेकतात, सावली कुठे सरकते, हेच बघत बसायचे. "अगं, माणसं बघ, खांब काय बघतेस?" म्हणून मलाही झापायचे. असा साहेब तुम्हालाही भेटला असेल. तेव्हा तो नकोसाच होतो.

त्यांचा सगळा जीव पाण्याकडे उतरणाऱ्या रुंद पायऱ्यांवर. क्लायंटला मात्र नेमकं तिथेच महागडं रेस्टॉरंट हवं होतं.

शेवटच्या मीटिंगच्या सकाळी मी मॉडेल पुसायला घेतलं. पायऱ्यांवर टिश्यूचं पाकीट पडलं होतं. मी सिंगापूरला नवखी. कुणाचं तरी राहिलं असेल म्हणून उचललं.

"ठेव ते परत!" सर ओरडले. "इथे टेबलावर पाकीट ठेवलं की जागा धरली. 'चोप' म्हणतात त्याला. मग कुणी हात लावत नाही."

मी ते होतं तिथे ठेवलं. क्लायंटच्या बाई आल्या, मॉडेलकडे बघितलं आणि त्यांना हसूच फुटलं.

"वा, यू चोप ऑलरेडी आह?"

"येस मॅडम," सर गंभीरपणे म्हणाले, "फॉर एव्हरीबडी."

रेस्टॉरंट वरच्या मजल्यावर गेलं.

पायऱ्या बांधून व्हायच्या आतच सरांचा इथे काम करायचा पास संपला. कंपनीने तो वाढवला नाही. विमानतळावर मला म्हणाले, "येईन गं. उद्घाटनाची भाषणं ऐकायला नाही, नुसता बसायला येईन." ते जमलं नाही. गेल्या वर्षी पुण्यात ते वारले.

परवा रविवारी मी तिथे गेले होते. पायऱ्या भरून गेल्या होत्या. घरकाम करणाऱ्या बायका सुट्टीचे डबे उघडून बसल्या होत्या, एक आजोबा चक्क घोरत होते. हे बघायला सर हवे होते. फार हवे होते. माझ्या शेजारी एका माणसापुरती जागा होती आणि मी वेड्यासारखी तिच्याकडेच बघत होते.

एक म्हातारी चिनी बाई हातातली पिशवी सावरत समोर उभी राहिली. "समवन सिटिंग हिअर?"



"नो, आंटी," मी म्हटलं आणि थोडी सरकून तिला नीट जागा करून दिली.