बंद विभागाची शाल

"ही शाल तुमच्या विभागातर्फे कुलगुरूंना तुम्ही घाला, मॅडम," असं म्हणत कुलसचिवांनी जरीकाठाची शाल माझ्या हातात कोंबली.

आमचा भौतिकशास्त्र विभाग कुलगुरूंनी त्याच सकाळी बंद केला होता. विद्यापीठाकडे पैसे नाहीत म्हणे. आम्हा सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या. आणि दुपारी त्यांचाच सत्कार. खर्च आटोक्यात आणला म्हणून व्यवस्थापनाने त्यांना घसघशीत बोनस दिला होता. कसला खर्च? आमचे पगार. इथे चेन्नईत सत्कार म्हटला की प्रत्येक विभागाने पोन्नाडै, म्हणजे शाल, घालायचीच. बंद पाडलेल्या विभागानेही.

मी लातूरची. आमच्या घरात कॉलेज बघितलेली पहिली. रुजू होताना या खासगी विद्यापीठाने माझी पदवीची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली. "सगळीकडे असंच असतं," म्हणाले. मला खरं वाटलं.

"शाल घाला, मग स्वखुशीने राजीनामा देते असं लिहून द्या. उद्या सर्टिफिकेट्स घेऊन जा," कुलसचिव म्हणाले. "अड्जस्ट पण्णिक्कोंग, मॅडम." जुळवून घ्या.

रांगेत उभी राहिले. कुलगुरू प्रत्येक शाल खांद्यावरून काढून न बघताच मागच्या शिपायाकडे देत होते. माझी पाळी आली तशी त्यांनी सवयीने मान वाकवली. फोटोग्राफर म्हणाला, "स्माइल, मॅडम."

माझं डोकंच फिरलं. हात खाली आले.

"सर, आमचा विभाग तुम्ही सकाळी बंद केलात. मी शाल घालणार नाही."

माईक शेजारीच होता. सगळ्या सभागृहाने ऐकलं. मग आमच्याच विभागातल्या, माझ्यासोबतच नोकरी गेलेल्या सरांनी माझ्या हातातून शाल घेतली आणि कुलगुरूंना घातली. टाळ्या पडल्या.

बाकीच्यांनी राजीनामे लिहिले, प्रमाणपत्रं नेली. त्यांचा राग येत नाही. पोरांच्या फिया कुणाला चुकल्यात? माझी प्रमाणपत्रं अजून तिथल्याच कपाटात आहेत आणि त्यांच्याशिवाय दुसरं कॉलेज दारात उभं करत नाही. वकील म्हणतात, केस केली तर वर्षं जातील. बाबा फोनवर म्हणाले, "लिहून दे बाळा, अन् ये निघून. आपण कुठं पुरं पडणार त्यांना?"

खरंय, नाही पुरी पडणार. इथली शोळिंगनल्लूरची भाड्याची खोली सोडावी लागेल. शिकवणंही बहुधा सुटलंच.

पण मला काढलंय. स्वखुशीने गेले, असं मी मरेपर्यंत लिहून देणार नाही.